ओटी भरलेला कंटेनर

आधीच सांगून ठेवते. माझं अक्षर वाकडं आहे, आणि वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी, ते मला कधी जमलं नाही. चौथीनंतर धाकटी भावंडं सांभाळायला घरात कोणी नव्हतं, तिथेच शाळा थांबली. तेव्हा चुका दिसतील त्या माझ्याच. वाचणाऱ्याने पोटात घालाव्यात. तोंडाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण चार बाया समोर बसल्या की माझा आवाज घशातच राहतो. गटातल्या सगळ्या विचारतात, बंदर कसं होतं, जहाज केवढं होतं. मी म्हणते, मोठं होतं. पुढे काही सुचत नाही. म्हणून लिहिते आहे.

आमचा भिवंडीजवळ टेमघरला शिवणाचा गट आहे. त्याची अध्यक्ष मी, पण हुशार म्हणून नाही. दोन हुशार बायांचं आपसात जमेना, तेव्हा गटातली तारामावशी म्हणाली, "विमलला करा. ती बोलतच न्हाय, तर भांडंल कशी?" अशी मी अध्यक्ष झाले आणि सगळ्या कागदांवर माझी सही आली.

परदेशात शांतता राखायला आपल्या सैन्याची एक तुकडी गेली आहे. आफ्रिकेत. तिथे त्यांचा तंबूतला दवाखाना आहे. त्या दवाखान्याच्या चादरी आणि उशांचे अभ्रे करायचं काम आम्हाला मिळालं. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. कापड रफीकभाई कारखानदारांच्या लूमवरचं (यंत्रमागावरचं). त्यांनी ते आम्हाला उधार दिलं, आणि त्यासाठी सूत त्यांनी स्वतः उधार आणलं. ठराव असा होता की माल जहाजावर चढला, तसा कागद हाती आला, की आम्हाला पैसे मिळणार. ठरलेल्या शनिवारपर्यंत चढला नाही तर मागणी रद्द, आणि चादरी परत आमच्या गल्लीत. मग आम्ही काय फेडणार आणि रफीकभाई काय फेडणार?

माल शिवून झाला. आमच्या गल्लीत ट्रेलर शिरत नाही, म्हणून टेम्पोच्या खेपा करून चादरी मानकोलीच्या गोदामात नेल्या. तिथे त्या कंटेनरमध्ये रचल्या. दार लावायची वेळ आली तेव्हा तारामावशीने पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदूळ, सुपारी, हळकुंड, कुंकवाची पुडी. म्हणाली, आपली पहिली लेक निघालीय, ती बी समुद्रापार, रिकामी कशी धाडायची? कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की ओटी भरतात, तशी आम्ही कंटेनरची ओटी भरली. सगळ्या जणींनी एकेक मूठ तांदूळ घातले. मी खणाची गाठ मारून ती दाराच्या आतल्या लोखंडी कडीला बांधली. गोदामाचा माणूस जेवायला गेला होता. तो आला, त्याने दार ओढलं आणि वर सील ठोकलं. आम्ही हात जोडले.

त्या आठवड्याच्या गुरुवारी सकाळी उरणकडच्या बंदरावरून नाईकांचा फोन आला. नाईक म्हणजे आमच्या मालाचे कागद बंदरातून पुढे सरकवणारे एजंट. म्हणाले, कंटेनर मशीनखालून गेला तर आत दाराजवळ काहीतरी गोल दिसतंय. काय आहे ते? माझ्या डोळ्यांपुढे ओटीतला नारळ आला. ते म्हणाले, सील तोडून बघायचं म्हणतात, मालकाची सही लागेल, तुम्ही लगेच निघा. जहाजाचं गेट, म्हणजे माल आत घ्यायचं, संध्याकाळी बंद होतंय.

माझ्या नवऱ्याची लूमवर दिवसाची ड्युटी होती. सुट्टी मागितली तर दोन दिवसांचा पगार जाणार. यांनी मलाच विचारलं, एकटी जाशील? मी मान हलवली. खरं तर ती नकारार्थी हलवायची होती.

मानकोली नाक्यावर दत्तू भेटला. दत्तू शेलार गावचा, माझ्या माहेरचा. ट्रेलर चालवतो, आमचा कंटेनरही त्यानेच पोचवला होता. तो रिकामा ट्रेलर घेऊन पुन्हा बंदराकडेच निघाला होता. केबिन केवढी उंच. मी साडी सावरत खालीच उभी.

"चढ गो ताय. घाबरतंस कनाला (कशाला)?"

चढले. वरून रस्ता वेगळाच दिसतो. रिक्षा, मोटारसायकली पायाखालून जातात असं वाटतं. खारेगाव गेलं, मुंब्र्याचा डोंगर अंगावर आला, बायपासला गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. दत्तूने बोलता बोलता ओटीचं ऐकलं आणि इतका हसला की मला स्टिअरिंगची काळजी वाटली. "मी दोन वरसं कंटेनर ओढतोय," म्हणाला, "आज कळलं का मी वऱ्हाडाची गाडी हाकतोय." मग हसू आवरून त्याने पुढच्या गाडीला हॉर्न दिला. शनिवार त्यालाही ठाऊक होता. त्याची बायको आमच्याच गटात आहे.

शिळफाट्याला गाडी थांबली. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती, ती दोघांनी केबिनमध्येच खाल्ली. कळंबोली सोडल्यावर रस्ता रुंद झाला आणि मग दोन्ही बाजूंना ट्रेलरच ट्रेलर. एका रांगेत उभे, इंजिनं बंद, ड्रायव्हर खाली सावलीत पत्ते खेळत बसलेले. मी विचारलं, आज काय आहे? दत्तू म्हणाला, मोठं जहाज लागलंय. ते लागलं की सगळ्या महाराष्ट्राचा माल एकाच दिवशी येतो. ते गेलं की दोन दिवस इथे गुरं बसतात.

पुढे खाजण (खाडीची दलदल) लागलं. चिखलात पांढरे बगळे, मध्येच मिठागराचे चौकोन, आणि त्यांच्यामागे, आभाळात, क्रेन. मला आधी त्या इमारतीच वाटल्या, अर्धवट सोडलेल्या. एक क्रेन हलली तेव्हा कळलं.

आत जायचा पास नाईकांनी काढून ठेवला होता. नाईक हाडकुळे, घाम पुसत बोलणारे, सारखं घड्याळ बघणारे. त्यांनी मला हिरवं जाकीट आणि पिवळी टोपी घालायला दिली. टोपी माझ्या अंबाड्यावर बसेना. अंबाडा सोडून वेणी घातली तेव्हा ती बसली.

तपासणीच्या मॅडम तरुण होत्या, दक्षिणेकडच्या, हिंदीत बोलत होत्या. त्यांनी सील तोडायला लावलं. दार उघडलं आणि आमची ओटी समोर लोंबकळत होती, खणाच्या काठाचा लाल रंग उन्हात लखलखीत. तिथे सात-आठ पुरुष उभे होते. मॅडमनी गाठ सोडली, नारळ बाहेर काढला, तांदूळ बोटांनी चाळून बघितले आणि विचारलं, "ये किसने रखा?"

मी दत्तूकडे बघितलं. दत्तूच मोडक्या हिंदीत सांगू लागला की मॅडम, लडकी ससुराल जाती है ना, तब ऐसा देते हैं, तो इन लोगों ने कंटेनर को दिया. त्या सात-आठ जणांतला एक जण खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या गावीही देतात. पण धान्य आणि नारळ परदेशात पाठवायचा तर त्याचे वेगळे कागद लागतात, किडीची तपासणी लागते. आता सगळा माल बाहेर काढून बघावा लागेल, फवारणी करावी लागेल, मग नवं सील. त्यांनी ते रागाने नाही, समजावून सांगितलं. पण सांगितलं तसंच केलंही. आमच्या चादरींचे गठ्ठे हमालांनी एकेक करून उतरवले. हिरव्या चादरींचा डोंगर झाला. मग फवारणी झाली, तो पुन्हा आत रचला, नवं सील लागलं. ओटीचा खण त्यांनी तांदूळ-नारळासकट माझ्या हातात परत दिला.

कंटेनर ट्रेलरवर चढवून दत्तूने तो जहाजाच्या गेटकडे पळवला. मी केबिनमध्ये, मांडीवर ओटी. वळणावरून जहाज पहिल्यांदा दिसलं. कसं सांगू? आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घरं आहेत ना, तशा दहा गल्ल्या एकापुढे एक ठेवा. त्यावर कंटेनर रचलेले, लाल, निळे, करडे, मजल्यावर मजले. क्रेनचा पंजा खाली यायचा, एक डबा उचलायचा, वर न्यायचा आणि ठेवायचा, पुन्हा खाली. आवाज फारसा नाही. मी क्षणभर शनिवार विसरले. माणसाने एवढं बांधलं, या विचाराने ऊर भरून आला. आपल्या चादरी यात बसणार, आणि हे आफ्रिकेला जाणार.

गेट बंद झालं होतं.

नाईकांनी हात जोडले, फोन केले, एका माणसाच्या मागे पळत गेले आणि सावकाश चालत परत आले. मला म्हणाले, बाई, असं चिडून बघू नका, माझ्या हातात नाही. मी चिडून बघत नव्हते, माझा चेहराच तसा आहे. त्यांनी समजावलं. या जहाजाला पुढच्या बंदरात ठरल्या वेळी जागा राखलेली असते. ती चुकली तर त्याच्या पुढची, त्याच्या पुढची, सगळी चुकते. म्हणून ते एका डब्यासाठी थांबत नाही. जहाज छोटं होतं तेव्हा हातापाया पडून डबा चढवता यायचा. जहाज वाढलं तसं माणसांचं काही चालेनासं झालं. आणि हे जहाजही काही थेट तिकडे जात नाही. एका मोठ्या बंदरात माल उतरवतं, तिथून छोटं जहाज मिळेल तेव्हा पुढे. आता पुढचं दहा-बारा दिवसांनी.

"मग शनिवार?" मी विचारलं. नाईकांना मी स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट.

"शनिवार विसरा," ते म्हणाले.

दत्तूने मला हिराबायच्या टपरीवर नेलं. उरणच्या रस्त्याला, पत्र्याचं छप्पर, मागे दोन खोल्यांचं घर. हिराबाय चहा आणि जेवण देते. सगळे ड्रायव्हर तिला आये म्हणतात. साठीची असेल, कोळणीसारखं लुगडं, दंडावर गोंदण. तिने माझ्याकडे बघितलं, मांडीवरच्या ओटीकडे बघितलं आणि दत्तूला विचारलं, "ही कुनाची सून?"

दत्तूने सगळं सांगितलं. ती हसली नाही. ओटी हातात घेतली, नारळ कानाशी धरून हलवला. म्हणाली, पोरीची ओटी सासरच्यांनी खायची असते. बंदर झालं तिचं सासर, आनी बंदरावरची मी, म्हंजे मीच सासू. तिने नारळ पाट्यावर फोडला आणि त्याच्या वाटणात निवट्यांचं कालवण केलं. निवटे म्हणजे खाजणातल्या चिखलात उड्या मारणारे मासे. आमच्या खाडीत लहानपणी मिळायचे. आता आमच्या खाडीचं पाणी असं आहे की मासा सोडा, शेवाळही नाक मुरडेल. कालवण तिखटजाळ होतं, वर नारळाची गोडी. मी रडत जेवले. हिराबायने तिखटामुळे रडते असं मानून पाणी दिलं. तिला कळलं होतं, पण तिने तसं मानलं.

जेवताना ती बंदराचं सांगत होती. तिचा नवरा पूर्वी मासेमारी करायचा, मग हमाल होता. "पयले बारकी जहाजं यायची," म्हणाली, "रोज एक, रोज दोन. रोज थोडी कामं, रोज थोडा चहा. आता येतो तो डोंगर. आला का मी दोन दिस झोपत न्हाय, गेला का माशा मारतंय." डोंगर आत यावा म्हणून समुद्राचा तळ उकरतात, तो गाळ कुठेतरी टाकतात, आणि जाळ्यात मासा येत नाही. पण तिचा धाकटा मुलगा त्याच क्रेनच्या वर, काचेच्या खोलीत बसून काम करतो. हे सांगताना ती कालवण ढवळायची थांबली. त्याचा पगार लूमवाल्याला स्वप्नातही मिळणार नाही. तिला राग कुणावर धरावा ते ठरवता येत नव्हतं, आणि ती ठरवतही नव्हती.

मग ती म्हणाली, "जुन्या धक्क्यावं मातर परवापासून गर्दी हाय. लष्कराच्या गाड्या चढतात." धक्का म्हणजे जहाज टेकतं तो कट्टा. जुना धक्का उथळ पाण्यातला, मोठं जहाज तिथे लागत नाही. तिथे एक बारकं जहाज उभं आहे आणि त्यात हिरव्या गाड्या, पाण्याच्या टाक्या, तंबू भरतात. चहा हिराबायकडूनच जातो. कुठे जाणार ते जहाज, असं दत्तूने सहज विचारलं. तिने देशाचं नाव घेतलं. तिला ते नीट म्हणता येत नव्हतं, पण मी ते नाव आमच्या कागदांवर इतक्या वेळा गिरवलं होतं की लगेच ओळखलं.

त्या रात्री मी हिराबायच्या घरीच राहिले.

सकाळी जुन्या धक्क्यावरचे लष्कराचे सुभेदार चहाला आले. उंच, मिशा पिकलेल्या, बोलण्यावरून कोल्हापूरकडचे. हिराबायने मला कोपराने ढकललं. मी त्यांच्यापुढे चहाचा ग्लास ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, साखर कमी बरं का ताई. मी ग्लास परत नेला, दुसरा आणला. ते प्याले, पैसे ठेवले आणि गेले.

हिराबायने ते बघितलं. तिने फक्त कपबशा जरा जोरात आपटल्या.

मी बाहेर आले. सुभेदार जीपकडे चालले होते. माझ्या मनात आलं, घरी जाऊन सांगायचं काय? सांगायला गेलं तर बोलावंच लागणार, टेमघरला सगळ्यांपुढे बोलावं लागणार की माल परत आलाय. त्यापेक्षा इथे एका माणसापुढे बोललेलं बरं. मी पळत गेले. पदर रस्त्यावर लोळत होता.

"साहेब, आमच्या चादरी तुमच्याच दवाखान्याच्या आहेत हो."

ते थांबले. मी सांगत सुटले. काय काय सांगितलं ते आठवत नाही. दत्तू म्हणतो मी ओटीचं पण सांगितलं, तारामावशीचं पण, आणि रफीकभाईंनी सूत उधार आणल्याचं पण. सुभेदारांनी कागद मागितले. मी ब्लाउजमधून पाकीट काढून घडी उलगडली. त्यांनी ते दोनदा वाचले. मग बोनेटवर हात टेकून माझ्याशी बोलू लागले, मी कोणी साहेब असल्यासारखे.

म्हणाले, ताई, त्या तिकडच्या जहाजात माल स्वस्त जातो, खोटं नाही. पण आम्ही जातो तिथं बंदर कसलं? पाणी उथळ, क्रेन मोडलेली, कधी दिवाच नाही. ते मोठं धूड तिथं टेकतच नाही. आम्हाला लागतं स्वतःची क्रेन पाठीवर घेऊन फिरणारं बारकं जहाज. आणि व्यापाऱ्यांना बारकं परवडेना, म्हणून ती जहाजं मोडीत निघाली. हे एक भाड्यानं मिळवायला आमच्या साहेबांना महिनोन्महिने लागले. वर धक्क्यावर जागा मागावी तर मोठ्याची वेळ आधी, आम्ही बाहेर समुद्रात थांबायचं. हा जुना धक्का आहे म्हणून निभावलं.

मी म्हटलं, "आमच्या गल्लीतही ट्रेलर शिरत नाही साहेब. टेम्पोच लागतो."

ते हसले. "मग तुम्हाला समजलं. आमच्या मेजरसाहेबांना समजवायला मला तासभर लागला होता." मग म्हणाले, एक गाडी इंजिन बिघडल्यामुळे मागे राहिली आहे. तिच्या जागेवर एक डबा बसेल. चादरी आमच्याच, तर आमच्याबरोबर का जाऊ नयेत? विचारतो. वचन देत नाही.

दुपारी नाईकांचा फोन आला, आवाज चढलेला. कोणाला भेटलात तुम्ही? मला लष्करातून फोन आलाय, जहाज बदलायचे कागद करा म्हणून. असं होत नसतं बाई, कंटेनर एका गेटचा दुसऱ्या गेटला जात नसतो. मी म्हटलं, करून बघा ना. नाईकांनी फोन ठेवला. पण केलं. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी सकाळी त्यांनी जी पळापळ केली ती मी डोळ्यांनी बघितली. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी सह्या करत मागे. तपासणीच्या मॅडमची सही हवी होती. त्यांनी सील बघितलं, कागद बघितला आणि मला विचारलं, "अब अंदर और कुछ नहीं ना?" मी म्हटलं, "सिर्फ चादरें." त्या दिवशी त्याही हसल्या.

दत्तूने कंटेनर जुन्या धक्क्यावर आणला. तिथे मोठ्या बंदरासारखं काही नव्हतं. उखडलेलं डांबर, गंजलेले खुंटे, कडेला गवत. जहाज मोठ्यापुढे होडीएवढं, पण त्याच्या पाठीवर दोन पिवळ्या क्रेन होत्या, स्वतःच्या. जवान दोरखंड आवळत होते. एकाने मला बसायला लाकडी खोका दिला. मी बसले नाही.

क्रेनचा दोर खाली आला. चारी कोपऱ्यांना हूक लागले. कंटेनर हलला, तिरका झाला, माझं काळीज तिरकं झालं, मग तो सरळ होऊन वर गेला. उन्हात त्याच्या निळ्या पत्र्यावरचा एक पोचा दिसत होता, मानकोलीला गोदामाच्या खांबाला लागलेला. तो पोचा आभाळात चाललेला बघून मला हसू फुटलं. माझ्या शेजारी नाईक उभे होते, तेही हसत होते, आणि दत्तूने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली, जवानांनी टाळ्या वाजवल्या. खाडीपलीकडे डोंगराएवढं दुसरं कुठलंसं जहाज धक्क्याला लागत होतं, त्याला चार-चार बोटी ढकलत होत्या, हळू, एवढं हळू की हलतंय हेही कळत नव्हतं. आणि आमचं बारकं जहाज डबा पोटात घेऊन मोकळंही झालं होतं.

सुभेदारांनी येऊन सलाम केला. मला. मी गोंधळून नमस्कार केला आणि टोपी पडली.

निघताना हिराबायने मला नवा खण दिला, आपल्या पेटीतला. म्हणाली, ओटी मी खाल्ली, आता सासूनं परत भरायची असते. ती शेजारणींना ओरडून सांगत होती की ही भिवंडीची बाय, हिनं लष्कराकडून जहाज घेतलं. मी तिला खरं सांगू गेले की मी फक्त विचारलं. ती म्हणाली, "गप. घेतलं म्हन."

परतीला दत्तूच्या ट्रेलरमध्येच आले. त्याला मानकोलीला नेण्यासाठी भरलेला डबा मिळाला होता, परदेशातून आलेला, आत काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रस्ता मोकळा होता. मी खिडकीला डोकं टेकून विचार करत होते. आमच्याकडे गोदामं उभी राहिली तेव्हा भातशेती गेली, माणसं गोदामात हमाली करू लागली, आणि मी कधी विचारलं नाही की एवढी मोठी गोदामं लागतात कशाला. आता कळलं. तिकडे जहाज वाढलं म्हणून इकडे गोदाम वाढलं. ते जहाज एका दमात एवढं ओततं की ते साठवायला कुठेतरी शेतं लागतात. ते वाईट की चांगलं, मला ठरवता येत नाही. हिराबायलाही येत नव्हतं. पण एक मी डोळ्यांनी बघितलं. सगळंच मोठं करून चालत नाही. कुठेतरी जुना धक्का राखून ठेवावा लागतो, गवत उगवलेला असला तरी. ज्याला उथळ पाण्यात जायचंय, तो तिथूनच निघतो.

टेमघरला पोचले तर गल्लीच्या तोंडाशी सगळ्या उभ्या. तारामावशी पुढे. ती म्हणाली, ओटी आम्ही भरली आणि अंगावर तुझ्या आलं. मी म्हटलं, जहाजावर चढल्या चादरी. एवढंच बोलले. पण मोठ्याने.

माल चढल्याचा कागद आला. पुढच्या महिन्यात पैसे बँकेत आले. ते आले त्याच दिवशी मी आणि तारामावशी रफीकभाईंच्या कारखान्यात गेलो. आत सगळ्या लूम चालू होत्या, खटाखट खटाखट, तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, लोक हातवाऱ्यांनी बोलतात. रफीकभाई मागच्या बाजूला एका लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होते. मी पैशांचं पाकीट पुढे केलं. त्यांनी खुणेनेच विचारलं, कितने?

मी खूण केली नाही. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, लूमच्या वर आवाज जाईल असं, "पूरे, रफीकभाई! सब के सब!"

त्या टोकाच्या कारागिरांनीही माना वर केल्या. रफीकभाईंनी पाकीट घेतलं, कपाळाला लावलं, आणि त्यांची आमच्याकडची बाकी त्या दिवशी पूर्ण फिटली.